राहिलेल्या दोन पायऱ्या

वारजे, पुणे
८ जानेवारी २००१

अहो,

पत्राच्या वरती जे काय लिहायचं असतं ते लिहिलंय असं समजा. कणीक तिंबून ठेवलीय, मला वेळ नाही.

तुमचं पत्र मिळालं. मस्कतला थंडी पडली, खोलीतला केरळचा माणूस घोरतो, मेसच्या भाजीला चव नसते, सगळं कळलं. मे महिन्यात येणार की नाही, ते मात्र दोन पानांत कुठं सापडलं नाही. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा म्हणालात, चार वर्षं जातो आणि येतो. आता सातवं लागलंय. मागच्या खेपेला येऊन गेलात त्याला तीन वर्षं होतील. मला बोटं मोजता येतात. तेवढं चौथीपर्यंत शिकवतात.

वारजे तुम्ही ओळखणार नाही. आपल्या मागच्या उसाच्या जागी चार मजली इमारत झाली. तिथं कॉम्प्युटरवाली आठ पोरं राहतात, त्यांचे डबे माझ्याकडं आहेत. पंचविशीची पोरं, पण जिना चढताना म्हाताऱ्यासारखी कंबर धरतात. दिवसभर खुर्चीत बसून काय करतात देव जाणे.

आता मुद्द्याचं. मेमध्ये आपल्या लग्नाला चोवीस वर्षं होतील. या वेळी आलात की जेजुरीला जायचं. लग्न झाल्यावर मला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत होती, तुम्ही तिसरीवर खाली ठेवलंत. दोन राहिल्या. मी विसरलेली नाही. तिकडं एवढाली मशिनं उचलता, तर मला उचलायला काय झालं? मीही इथं एक सुरू केलंय. काय ते विचारू नका. आलात की दिसेल.

तुमच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही. आठवण वगैरे काही नाही, तिचा एक पाय हलतो म्हणून.

कौशल्या


मस्कत
२० जानेवारी २००१

प्रिय कौशल्या,

तुझं पत्र डबा खायच्या सुट्टीत वाचलं. मग पुन्हा खोलीवर येऊन वाचलं. केरळवाला विचारत होता, घरी भांडण झालंय का? म्हटलं, नाही रे, खुशालीचं पत्र आहे.

रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हणतो मे अवघड आहे, बघू. मी पुन्हा विचारतो.

इथं एक गंमत झाली. एका बंगाली वेल्डरला उसण भरली, सरळ उभं राहवेना. मी बोलून गेलो की मी पायाळू आहे. मग पायाळू म्हणजे काय ते सगळ्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली. आईच्या पोटातून डोकं आधी न येता ज्याचे पाय आधी आले, त्याचा पाय कमरेला लागला की उसण उतरते, हे तोडक्या हिंदीत सांगून बघ एकदा. शेवटी त्याला पालथं पाडून तीनदा पाय लावला. तो उठून चालायला लागला. आता दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी माझ्या दाराशी चार-पाच कंबरा उभ्या असतात. आपल्या गावी आईच्या ओसरीवर असायच्या तशाच.

जेजुरीला जाऊ. पण त्या पायऱ्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. आता काय वय आहे का आपलं? हात जोडून येऊ.

दोन फेब्रुवारीला, शुक्रवारी संध्याकाळी सहाला दत्तोबाच्या दुकानात फोन करतो. खाली येऊन थांब. आणि काय सुरू केलंस ते सांग. तू न सांगता काही सुरू केलंस की मला भीती वाटते.

तुझा
रंगनाथ


वारजे
६ फेब्रुवारी २००१

अहो,

हे अक्षर मिसबाचं आहे. शेजारच्या जुबेदाची मुलगी, कॉम्प्युटरच्या क्लासला जाते ती. माझ्या बोटाला तव्याचा चटका बसलाय म्हणून तिला लिहायला बसवलंय. चटका बारीक आहे. बोट बरं आहे. अगं, बोट बरं आहे असं कशाला लिहिलंस? बोट बरं आहे तर पत्र तू का लिहितेयस असं नाही का विचारणार ते? खोड ते. नको, खोडू नको, कागद घाण दिसेल.

फोनला खाली आले नाही कारण पाहुणे आले होते. कोण आले होते? कुणीही. लिही, तुमच्या शैलाताई आल्या होत्या. नको, नणंद आहे, ती स्वतःच फोनवर सांगेल आलेच नव्हते म्हणून. दुसरं कोणीतरी लिही.

बाकी मी एकदम ठणठणीत आहे. डबे चालू आहेत. रजेचं काय झालं ते कळवा. ती उशी जरा गुडघ्याखाली सरकव गं, अजून थोडी, आई आई आई. हे लिहू नकोस. तू काय खरडतेयस एवढं? मी एवढं बोलले पण नाही.

कौशल्या

काका, मी मिसबा. काकू बोलल्या ते सगळं लिहिलं, लिहू नको म्हणाल्या ते पण. माफ करा. काकूंच्या कमरेत उसण भरली आहे. नऊ दिवस झाले. पहिले चार दिवस तर जमिनीवर सतरंजी टाकून पडून होत्या, आता भिंत धरून मोरीपर्यंत जातात. जिना उतरता येत नाही म्हणून फोनला आल्या नाहीत. डबे अम्मी करते आहे. कशाने झालं ते सांगत नाहीत. विचारलं की रागावतात.


मस्कत
१७ फेब्रुवारी २००१

कौशल्या,

मिसबाला माझा आशीर्वाद सांग. तिला रागावू नकोस.

फोन लावला तेव्हा दत्तोबा म्हणाला, वहिनी चार दिवसांत दिसल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. त्यानंतर तुझं पत्र येईपर्यंत दोन आठवडे मी काय काय विचार केले ते लिहीत नाही.

खरं लिही. पायात मुंग्या येतात का? पाय बधिर होतो का? होत असेल तर आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. नुसतीच उसण असेल तर मला माहीत आहे काय होतं. पडून राहिलं की वाटतं गेलं, आणि कूस बदलायला जावं तर आतून कुणीतरी चिमट्यात धरतं. शिंक आली की डोळ्यांपुढं काजवे. कुणी 'जरा इकडे बघ' म्हटलं तरी अख्खं अंग वळवावं लागतं. हो ना?

दत्तोबाही पायाळू आहे, त्याला बोलव. मी काल पाच माणसांना पाय लावला. पाचवा उठून 'थँक यू भाई' म्हणाला आणि मी दार लावून घेतलं. अख्ख्या मस्कतच्या कंबरांना माझा पाय पोचतो, आणि वारज्यात पोचत नाही.

कशानं झालं?

रंगनाथ


वारजे
२ मार्च २००१

अहो,

हे माझं अक्षर आहे. उभ्यानं लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून. बसलं की अजून दुखतं.

मुंग्या नाहीत. पाय शाबूत आहेत. कर्वेनगरात एक नवी डॉक्टरीण आलीय, जुबेदा मला रिक्षात घालून तिच्याकडं घेऊन गेली. ती म्हणाली, हाड नाही, मणका नाही, स्नायू ताणलाय. मी म्हटलं, मग पडून राहू का? म्हणाली, पडून राहिलात तर आखडाल, तासातासाला उठून चाला. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हातावर जोर द्यायचा. वाकून काही उचलायचं नाही. गरम पाण्याची पिशवी. आता पाचव्या आठवड्यात एक व्यायाम दिलाय, उताणं पडून गुडघे उभे करायचे आणि कंबर वीतभर वर उचलायची. दहा वेळा. चाळीस वर्षांत मी अशी फुकट कंबर हलवली नव्हती.

दत्तोबा आला होता. दारात चप्पल काढून म्हणाला, वहिनी, पाय लावतो. मी म्हटलं, दत्तोबा, लाथ खायची वेळ आली तर घरच्या माणसाची खाईन. तो बिचारा शेंगदाण्याचा पुडा ठेवून गेला.

कशानं झालं म्हणून दोनदा विचारलंत. ऐका तर.

सकाळी टीव्हीवर एक बाई लागते. घट्ट कपड्यातली, हसत हसत व्यायाम करते, पोट आत, वजन खाली, असं म्हणते. मी जानेवारीपासून दार लोटून तिच्यासारखं करत होते. पाय खाटेखाली अडकवायचे, उताणं पडायचं, आणि हात न टेकता उठून बसायचं. त्या दिवशी चाळीस झाले होते. म्हटलं, आज पन्नास. एक्केचाळिसाव्याला कमरेत कट्कन झालं, आणि मी तिथंच. ती बाई टीव्हीत हसतेय, मी खाली पडलेय, आणि पाय खाटेखाली अडकलेले. दोन तासांनी जुबेदा आली तेव्हा सुटले.

का, तर तुम्हाला मला उचलता यावं म्हणून.

तिसऱ्या पायरीवर तुम्ही मला खाली ठेवलंत तेव्हा तुमच्या आई मोठ्यानं म्हणाल्या, "सून जड निघाली गं बाई." अख्खं वऱ्हाड हसलं. माझं वय सतरा. माहेरी मला काडी म्हणायचे. त्या दिवसापासून मी जड. सासूबाई असेपर्यंत दुसरी भाकरी मी त्यांच्यासमोर घेतली नाही. तुमच्या स्कूटरवर मागं बसायचे तेव्हा श्वास धरून बसायचे, की तेवढंच हलकं वाटेल तुम्हाला. तुम्ही दर सिग्नलला मागं वळून चाक बघायचात. मला कळायचं.

झालं सांगून. आता हसायचं असेल तर हसा.

कौशल्या


मस्कत
१४ मार्च २००१

कौशल्या,

हसलो नाही.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली. आता जे येईल ते पाठवतो.

तू जड नव्हतीस.

हळदीच्या दिवशी मांडवात पाण्याचं पिंप सरकवायचं होतं. दोघं हात लावतो म्हणत होते, मी म्हटलं सरका, आणि एकट्यानं उचललं. तिथंच उसण भरली. लग्नात मी ताठ उभा होतो, सगळे म्हणाले नवरा रुबाबदार दिसतो. मला वाकताच येत नव्हतं.

सांगणार कुणाला? पंचक्रोशीतून लोक माझ्याकडं कंबर घेऊन यायचे. आई ओसरीवर बसून सांगायची, माझ्या रंग्याचा पाय म्हणजे औषध. त्या रंग्यालाच उसण भरली म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? आणि स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय लागत नाही.

तुला उचललं तेव्हा पहिल्या पायरीलाच डोळ्यांपुढं अंधार आला. तिसरीवर वाटलं, आता तुला घेऊनच कोसळतो. म्हणून ठेवलं. आई जे बोलली ते माझी लाज झाकायला. तिला माहीत होतं, आदल्या दिवशी तेल तिनंच चोळलं होतं. एक शब्द बोलायचा होता मला. लोक हसत होते, तू खाली बघत होतीस, आणि मी गप्प राहिलो. मग एक दिवस गेला, एक महिना गेला. नंतर वाटलं तू विसरलीस. नाही, हेही खोटं. तू विसरली असशील असं मी धरून चाललो, कारण ते सोयीचं होतं.

आणि सिग्नलला मी चाक बघत नव्हतो. तू इतकी गप्प, इतकी न हलता बसायचीस की मागं कुणी आहे असं वाटायचंच नाही. मला धास्ती वाटायची, मागच्या सिग्नलला उतरून राहिली की काय. म्हणून तुला बघायचो.

काय म्हणायचं ते म्हण.

रंगनाथ


मस्कत
८ एप्रिल २००१

कौशल्या,

तुझं पत्र नाही. दत्तोबाकडं दोन शुक्रवार फोन केला. तो म्हणाला, वहिनी आता जिना उतरतात, भाजी आणतात, पण फोनचं म्हटलं की 'दूध उतू जातंय' म्हणून वर जातात. सहा वाजता कसलं दूध तापवतेस?

कंबर बरी आहे एवढं कळलं. त्यावर आठवडा काढला.

रजा मंजूर झाली आहे. बारा मे, शनिवारचं विमान. मुंबईहून बसनं येईन. यायचं की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर तिकीट पुढं ढकलता येतं. पण मला यायचं आहे.

रंगनाथ


वारजे
२५ एप्रिल २००१

अहो,

तुमच्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायचं होतं त्याला चौथीचं शिक्षण पुरेना. मिसबा म्हणाली, काकू, मी लिहून देते. म्हटलं, तू लहान आहेस, तुझ्या कानावर नको पडायला.

चोवीस वर्षं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर सासूबाईंना दोन शब्द सांगितले असते. आणि तुम्ही समुद्रापार. समोर असतात तर लाटणं होतं हातात. पत्र वाचलं त्या दिवशी तुमची खुर्ची उचलून गॅलरीत टाकायला निघाले होते. डॉक्टरणीनं उचलायचं नाही सांगितलंय, म्हणून ओढत नेली. आठ दिवस बाहेर होती. मग आत आणली. ऊन लागत होतं तिला.

परवाच्या रविवारी मी जेजुरीला गेले. डॉक्टरीण म्हणाली होती, आता बसनं जायला हरकत नाही, मध्ये मध्ये उभ्या राहा. स्वारगेटहून सकाळची बस धरली, कमरेमागं उशी घेतली. कंडक्टर म्हणाला, मावशी, मुक्कामाला निघालात का? मी म्हटलं, तुझी बस खड्डे सोडत नाही म्हणून घेतलीय.

तिसरी पायरी शोधली आणि तिच्यावर बसले. लोक भंडारा उधळत वर जात होते. मला वर जायचं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं की ती केवढी उंच आहे. वीतभर आहे हो. वीतभर पायरी आणि मी तिच्यावर चोवीस वर्षं काढली.

तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. पोरगा चष्म्याचा, कॉम्प्युटरवाल्यांसारखाच. पोरगी म्हणजे नुसती शेंग. त्यानं उचललं, दुसऱ्या पायरीवर त्याचं तोंड वाकडं झालं. मी ते तोंड ओळखलं. दोन महिने आरशात बघत होते. त्यानं तिला खाली ठेवलं आणि लगेच एक बाई मागून बोलली, "काय गं, सून वजनदार दिसतेय!" सगळे हसले. पोरीनं मान खाली घातली.

मी उठले. कुशीवर वळून, हातावर जोर देऊन, शिकवलं तसं. आणि म्हटलं, "पोरगी जड नाही. पोराची कंबर धरलीय. त्याला विचारा."

ती बाई म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी इथलीच, याच पायरीवरची. पोरगा आधी माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच बायकोला म्हणाला, "हो गं, पंधरा दिवसांपासून दुखतंय. दिवसभर बसून असतो ना. सांगितलं नाही." ती पोरगी काय म्हणाली असेल? "मग आधी नाही का सांगायचं, वेडा कुठला." एवढंच. त्याचा हात धरला आणि गेली वर. भांडण नाही, काही नाही. दोन मिनिटांचं काम होतं हो.

मी तिथूनच परत फिरले. देवाला खालूनच सांगितलं, माणूस आला की येते.

तर आता ऐका. बारा तारखेला या. तिकीट पुढं ढकललंत तर मी परत टीव्हीसमोर पन्नास काढीन आणि पाप तुम्हाला लागेल. जेजुरीला जायचं. उचलायचं नाही, दोघांच्याही कंबरा वाया गेलेल्या. तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं आणि मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "कंबर माझी धरली होती." एवढं म्हटलंत की मग हात धरून पुढच्या दोन चढायच्या. नंतर मी तुम्हाला कधी बोलणार नाही. निदान त्यावरून नाही.

स्कूटर दुरुस्त करायला टाकलीय. या वेळी मी मागं श्वास घेऊन बसणार आहे. जड वाटलं तर वाटू दे.

खुर्चीचा पाय दत्तोबाकडून ठोकून घेतला. आता हलत नाही, कुणीही बसू शकतं. तरी मी कुणाला बसू देत नाही.

कंबर बरी आहे. पोळ्या मीच करते, डबे परत घेतले. डाव्या अंगाला, अगदी खाली, एवढीशी चमक राहिलीय. डॉक्टरीण म्हणाली, पंधरा दिवसांत तीही जाईल. दत्तोबा म्हणाला, वहिनी, आता तरी पाय लावू का? दोघांनाही म्हटलं, राहू दे. तिला बारा तारखेपर्यंत थांबायचंय.

कौशल्या